दादाच्या सत्तेचाळीस जागा

माझा दादा मूर्ख आहे असं मी म्हटलं की वहिनी माझ्याकडे अशी बघते, की आता पुढचा चहा काही मिळत नाही. पण मी म्हणणारच. सख्ख्या भावाला मूर्ख म्हणायचा हक्क मला नाही तर कोणाला आहे? धक्क्यावरच्या दुसऱ्या कोणी म्हटलं तर मात्र मी त्याचे दात घशात घालीन, आणि हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

धक्क्यावर त्याला ओळंबा म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. दादाचं वजन शिशाचं होतं, चांगलं दोन किलोचं, आणि त्याच्या बुडाला एक खळगा होता. त्या खळग्यात तो चरबी भरायचा. बोट हळू चालवून वजन पाण्यात सोडायचं, तळ लागला की दोरीच्या गाठी मोजायच्या. एकेक वाव अंतरावर गाठ; वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. मग वजन वर ओढायचं. चरबीला तळाचं काहीतरी चिकटून आलेलं असायचं. ते तो अंगठा आणि बोटामध्ये चोळायचा, नाकाशी न्यायचा, कधीकधी दाताखालीही धरायचा. मग म्हणायचा, ‘गाळ आहे, पुढे घ्या,’ किंवा ‘शिंपल्यांचा चुरा आहे, इथे थांबा.’ काहीच चिकटलं नाही आणि चरबीवर नुसता चरा उमटला, तर खाली खडक. तिथे जाळं सोडलं तर चिंध्या हातात येणार. त्या चिंध्या मग माझ्याकडे यायच्या.

कारण मी जाळी विणतो. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे, तिथे एका मोडक्या बाकावर गेली चोवीस वर्षं माझी बैठक आहे. कोळ्याच्या पोटी जन्मलो आणि मला बोट लागते. धक्का सोडून शंभर हात गेलो की पोटातलं सगळं बाहेर. लहानपणी तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चार वेळा नेलं आणि चारही वेळा मी त्यांच्या पायावर ओकलो. पाचव्या वेळी त्यांनी दादाला नेलं. तिथून आमच्या घरात ठरूनच गेलं, की थोरला समुद्राचा आणि धाकटा सुतळीचा.

आमच्या धक्क्यावर एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण लिहिलेल्या कायद्यापेक्षा जास्त पाळली जायची. ज्याने मासळीची जागा शोधली, ती जागा त्याची. तो बोटीवर असेल तरच तिथे जाळं पडायचं. तो आजारी असला तर त्याच्या दारात येऊन विचारायचं, आणि त्याने मान हलवली तर जायचं. मरण्याआधी तो ती जागा एका माणसाला सांगून जायचा. एकाच. दोघांना सांगितलेली जागा उकिरडा होते, असं तात्या म्हणायचे. या रीतीमुळेच म्हाताऱ्यांना बोटीवर स्थान असायचं. हातपाय चालेनात, पण डोक्यातल्या जागा चालायच्या.

तात्यांची एकच जागा होती. दोन खडकांच्या मध्ये एक खोलगट भाग, वरून पाणी इतर पाण्यासारखंच दिसणार, पण आत मोठी मासळी येऊन बसायची. वर्षातून दोनदा ते तिथे जायचे, तिसऱ्यांदा कधी नाही. शेवटच्या आजारात त्यांनी दादाला जवळ बोलावलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेर उभा होतो. आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती. मला बोट लागते तर मी त्या जागेचं काय लोणचं घालणार होतो, हे मलाही कळत होतं. तरी बाहेर उभं राहिल्याचं दुःख झालं ते झालंच. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

दादाने स्वतः शेहेचाळीस जागा शोधल्या. तात्यांची धरून सत्तेचाळीस. एकतीस वर्षं एकाच बोटीवर. थोरल्या मालकांनी त्याला कधी जाळं ओढायला लावलं नाही. दादा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभा, हातात दोरी, आणि सुकाणूवाला त्याच्या तोंडाकडे बघत असायचा.

थोरले मालक गेले आणि बोट त्यांच्या मुलाकडे आली. धाकटे मालक, तिशीतले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. दादाला काका म्हणायचे, बोलणं मऊ. त्यांनी बोटीवर मशीन बसवलं. बोटीच्या बुडाला एक डबी, ती पाण्यात आवाज सोडते. आवाज तळाला आपटून परत येतो आणि केबिनमधल्या स्क्रीनवर तळाची रेघ उमटते, वर मासळी असेल तर तिच्या कमानी. सोनार म्हणतात त्याला.

सगळ्या धक्क्याला वाटलं, ओळंबा आता चिडणार. मलाही वाटलं. मी तर मनातल्या मनात दोन-चार वाक्यं तयार ठेवली होती, त्याच्या बाजूने भांडायला. आणि हा गडी काय करतो? प्रेमात पडतो! बावन्न वर्षांचा बाप्या, मशीन बसलं त्या दिवशी घरी आला तो जेवायचं विसरून बोलत सुटला. म्हणे, खाली जे आहे असं मला तीस वर्षं वाटत होतं ते खरंच आहे. मी हाताने बघत होतो ते आज डोळ्याने बघितलं. वहिनीने तीनदा ताट पुढे सरकवलं.

मशीन बसवणारा माणूस अर्धा तास शिकवून निघून गेला होता. त्याला बटणं माहीत, समुद्र माहीत नाही. खरं मशीन चालवायला शिकवलं ते दादाने. रेघ जाड आणि लाल असली, आणि तिच्याखाली तिचीच फिकी सावली दिसली, तर तळ कठीण. रेघ पातळ आणि लोकरीसारखी पसरट, तर गाळ. खडकाच्या उतारावर मशीन फसतं, कारण त्याला कड्याचा माथा आधी ऐकू येतो आणि बाजूची खोलगट जागा ते गिळून टाकतं. तिथे आवाज किती वाढवायचा, बोट कशी आडवी घ्यायची, हे सगळं त्याने धाकट्या मालकांना हाताला धरून शिकवलं. रोज संध्याकाळी ते दोघं बंदरात बांधलेल्या बोटीवर स्क्रीनपुढे बसायचे. मी शेडमधून बघायचो. आमच्या दादाला मूल नाही. यापुढे मी काही बोलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्या मशीनमध्ये जागेची खूण करून ठेवता येते. बोट जागेवर न्यायची, एक बटण दाबायचं, स्क्रीनवर एक ठिपका पडतो. पुन्हा कधीही यायचं तर ठिपक्याकडे बोट वळवायची, झालं. ना दोरी, ना चरबी, ना दीपगृह आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत धरायची कटकट.

धाकट्या मालकांनी मागितलं, का दादानेच आपण होऊन दिलं, यावर माझं आणि वहिनीचं अजून एकमत नाही. पण त्या मोसमात दादा एकेक जागा मशीनला सांगत गेला. घरी येऊन मला आकडा सांगायचा. आज बारा झाल्या. आज एकोणीस. शाळेतल्या पोराने बेरीज बरोबर आल्याचं सांगावं तसा.

मी एकदा शेड सोडून मुद्दाम त्याला गाठला. म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस? जागा तुझ्या डोक्यात आहेत म्हणून तू बोटीवर आहेस. उद्या त्या मशीनमध्ये असल्या तर तुझं काय काम? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोललो होतो.

“अरे, मी दुसऱ्या बोटीला थोडंच सांगतोय? आपल्याच बोटीला सांगतोय,” तो म्हणाला. “आणि जागा माझ्या आहेत. मी नसताना तिथे कोण जाणार?”

हीच ती चूक. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने केली नसती. त्याला वाटलं मशीनला सांगणं म्हणजे माणसाला सांगणं. माणसाला जागा सांगितली की तो बांधला जातो, त्याला रीत पाळावी लागते, नाही पाळली तर धक्क्यावर त्याला कोणी उभं करत नाही. दादाने बटण दाबलं आणि समजला की आता मशीनही बांधलं गेलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्या शब्दांनी त्याला काही लागलं नाही.

पण माझी एक खात्री होती, आणि तिच्यावर मी शांत झोपत होतो. तात्यांची जागा त्याने दिली नसणार. आपल्या कमाईच्या जागा माणूस वाटेल तशा उधळेल, पण बापाने मरताना कानात सांगितलेली? शक्यच नाही. शेवटी त्याने जेव्हा ‘सगळ्या झाल्या’ म्हणून सांगितलं, तेव्हा मी आकडा विचारला नाही. मीच मनात शेहेचाळीस धरले.

पुढचा मोसम उघडला त्या आठवड्यात धाकटे मालक दादाच्या घरी आले. मी तिथेच होतो. ते खाली बघत बोलत होते. काकांचे गुडघे दुखतात, नाळेवर उभं राहणं आता बरं नाही, आयुष्यभर पुष्कळ केलंत, आराम करा. सोबत एक खुर्ची आणली होती, घडीची, कापडी पाठीची. धक्क्यावर येऊन निवांत बसत जा म्हणाले. एकतीस वर्षं ज्याला उभं ठेवलं त्याला बसायला खुर्ची. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय? मी तोंड उघडणार होतो, पण वहिनीने माझ्या पायावर पाय दिला. दादाने खुर्ची उघडून बघितली, बंद केली, आणि कापड मजबूत आहे म्हणाला.

महिन्याभरात कळलं की ते ठिपके एका छोट्या कार्डावर उतरवता येतात. बोटाच्या नखाएवढं कार्ड. धाकट्या मालकांनी ते मेव्हण्याला दिलं, मेव्हण्याने त्याच्या भागीदाराला. पाच बोटी दादाच्या जागांवर जायला लागल्या. दारात येऊन कोणी विचारलं नाही. धाकट्या मालकांना विचारलं असतं तर म्हणाले असते, यात चोरी कसली, मशीनमध्ये होतं. आणि त्यांना ते मनापासून वाटत असणार.

दादाला घर मानवेना. पहाटे चारला उठायचा आणि दोन खोल्यांत फिरत राहायचा. वहिनीच्या पाण्याच्या पिंपात दोरी सोडून किती पाणी उरलं ते सांगायला लागला. ती एकदा वैतागून म्हणाली, अहो, पिंपात मासे नाहीत. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा पिंपात. धक्क्यावर जाणं त्याने बंद केलं. जेवण अर्ध्यावर आलं. रात्री तो डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, असं वहिनीने मला शेडमध्ये येऊन सांगितलं. ती माझ्याकडे कधी काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, “भाऊजी, काहीतरी करा. ह्यांना पाण्यावर न्या, नाहीतर हे असेच संपतील.”

तेव्हा मी ठरवलं. शेडच्या मागे एक जुनी होडी उलटी पडून होती, मालक सोडून गेलेला. मी तिच्या फटी भरल्या, डांबर लावलं, बंद पडलेलं छोटं इंजिन एका मेकॅनिककडून सुरू करून घेतलं. चार महिने जाळं विणलं, खडकाच्या काठाला चालेल असं आखूड आणि जाड सुतळीचं. एकेक गाठ मी स्वतः ओढून बघितली. माझा हिशेब साधा होता. शेहेचाळीस गेल्या तर गेल्या, एक आहे ना! तात्यांची. दोघं भाऊ वर्षातून दोनदाच नाही, महिन्यातून एकदा जाऊ. दादा नाळेवर उभा राहील, हातात दोरी असेल, आणि मी मागे ओकत का होईना, सुकाणू धरीन. मनात आणखी एक गोष्ट होती. ज्या जागेसाठी मला दाराबाहेर काढलं होतं, ती मी एकदा बघणार होतो.

दादाला सांगितलं, तात्यांच्या जागेवर जायचं. त्याने उठून कपाटावरून शिशाचं वजन काढलं आणि वहिनीकडे चरबी मागितली. वहिनीने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

आम्ही उजाडताना निघालो. बंदराच्या भिंतीपाशीच मला पहिली उलटी झाली. दादाने पाण्याची बाटली पुढे केली. त्या दिवशी मला उलटीही चालली. तासभर गेलो. दादा नाळेवर उभा होता, गुडघा कापडाने बांधलेला. मधूनमधून वजन सोडायचा, गाठी मोजायचा, चरबी चोळायचा. बारा वाव, गाळ. अकरा, वाळू. त्याचा आवाज पूर्वीचा झाला होता. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. दीपगृह आणि चिमणी हळूहळू जवळ येत एका रेषेवर आली, आणि त्याने हात वर केला.

मी मान वर केली तर समोर बोटी. एक नाही, चार. सगळ्यात जवळची आपल्या धाकट्या मालकांची, जिच्यावर दादाने एकतीस वर्षं काढली ती. त्यांची माणसं जाळं सोडायच्या तयारीत होती.

माझं डोकं सणकलं. आधी वाटलं त्यांनी आमचा पाठलाग केला. पण ते आमच्याआधी येऊन बसले होते. मी दादाला विचारलं, यांना ही कशी कळली? आपल्या तात्यांची?

“मीच सांगितली,” दादा म्हणाला. “सगळ्यात आधी हीच सांगितली होती. सुरुवात चांगल्या जागेने करावी म्हणून.”

इतकंच. शरमेनं नाही, गुपित फुटल्यासारखंही नाही. मी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. तो बोटींकडे बघत होता आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं की त्याच्याशिवाय ही माणसं इथे आली कशी. मी त्याला त्या होडीत काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. मला बाहेर उभं करून बापाने ती जागा तुला सांगितली, आणि तू ती बटणाला सांगितलीस, एवढं एक आठवतं. बोलताबोलता पुन्हा उलटी आली आणि मला काठावर वाकावं लागलं.

मी तोंड पुसून वर बघितलं तर दादा पाण्याकडे हात करून दाखवत होता, माथा तिथे आहे म्हणून, आणि धाकट्या मालकांची बोट चुकीच्या बाजूने नेमकी तिकडेच येत होती. दादाने शिकवलेलंच होतं ते, की खडकाच्या उतारावर मशीन खोलगट जागा गिळतं. स्क्रीनवर त्यांना सपाट दिसत असणार. आणखी वीस हात पुढे आले असते तर जाळं सरळ खडकाच्या दातात. मला दिसलं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. फाटू दे, म्हटलं. उभं फाटू दे. आणा माझ्याकडे शिवायला, मग सांगतो.

दादाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला. “आडवी घ्या! सात वाव, खाली माथा आहे! आवाज वाढवा, आवाज!”

मी त्याचा सदरा ओढला, गप्प बस म्हणालो. त्याने माझा हात झटकला, आणि एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा असं झटकलं. तो पुन्हा ओरडला. केबिनमधून धाकट्या मालकांनी डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे बघितलं, आत जाऊन काहीतरी फिरवलं. बोट आडवी झाली. जाळं सुरळीत खाली गेलं. मग ते बाहेर आले, हात केला आणि हाक मारली. “काका, होडी जरा बाजूला घ्या. आमचं जाळं आहे इथे.”

दादा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, घे बाजूला. मी घेतली. दुसरं करणार तरी काय होतो? माझं चार महिन्यांचं जाळं होडीत कोरडंच होतं. येताना तो नाळेवर उभा राहिला नाही, माझ्यासमोर पाय पसरून बसला आणि गुडघा चोळत राहिला.

घरी वहिनी दारात उभी होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या, आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगणार होतो. सगळंच सांगणार होतो, त्याच्या तोंडावर, मूर्खपणासकट. पण तोच आधी बोलला.

“पोरगा चांगला तयार झालाय,” तो म्हणाला. “एका हाकेत आडवी घेतली.”

आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.